वजनासाठी गोळी की इंजेक्शन? आधी पाकिटावरचे मिलिग्रॅम वाचा

“अवो दादा, ते वजनाचं इंजेक्शन आता गोळीत पण आलंय म्हणं. मग सुई कशाला टोचून घ्यायची?”

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या आमच्या मेडिकलच्या काउंटरवर हा प्रश्न हल्ली सारखा येतो. विचारणारे सगळ्या थरांतले असतात. लग्न तोंडावर आलेला पोरगा असतो, शुगर वाढलेल्या काकू असतात, गुडघे धरून बसलेले निवृत्त मास्तर असतात. प्रश्न वावगा नाही. पण विचारणाऱ्याने मनात धरलेलं असतं की गोळी आणि इंजेक्शन म्हणजे एकाच मालाची दोन पाकिटं. आतलं औषध एक असलं तरी पाकिटावरचे आकडे वेगळे असतात, आणि ज्या बातम्या वाचून माणूस दुकानात आलेला असतो त्या बहुतेक वेळा माझ्या रॅकवर नसलेल्या पाकिटाच्या असतात. सगळा घोळ तिथून सुरू होतो.

आधी औषध करतं काय ते बघू. आपण जेवलो की आतड्यातल्या काही पेशी जीएलपी-१ नावाचं संप्रेरक रक्तात सोडतात. रक्तातली शुगर चढलेली असेल तर ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, जठरातलं अन्न पुढे जाण्याचा वेग कमी करतं आणि मेंदूला ‘पुरे आता’ असं कळवतं. शरीराचं स्वतःचं जीएलपी-१ दोन-एक मिनिटांत मोडून जातं. शास्त्रज्ञांनी त्याच्यासारखाच, पण सहजासहजी न मोडणारा रेणू शोधला. या कुळातलं पहिलं औषध एक्झेनाटाइड. ते २००५ साली अमेरिकेत मधुमेहासाठी मंजूर झालं आणि त्याचा माग लागला होता गिला मॉन्स्टर नावाच्या विषारी सरड्याच्या लाळेत. आज ज्याची चर्चा आहे ते सेमाग्लुटाइड. ते शरीरात निम्मं व्हायलाच साधारण आठवडा लागतो, म्हणून आठवड्यातून एकदा टोचलं तरी पुरतं. मधुमेहासाठीचं ओझेंपिक आणि वजनासाठीचं वेगोवी ही दोन्ही सेमाग्लुटाइडचीच इंजेक्शनं. मौंजारोमधलं टिर्झेपाटाइड त्याच्या पुढचं: ते जीएलपी-१ बरोबर जीआयपी नावाच्या दुसऱ्या संप्रेरकाचंही काम करतं.

यातलं कुठलंच औषध चरबी वितळवत नाही. ते भूक उतरवतं. चालू केलेली माणसं सांगतात की दुसऱ्या भाकरीकडे हातच जात नाही, मिसळीचा दुसरा पाव तसाच राहतो. वजन उतरतं ते त्यामुळे.

गोळीतलं औषध जातं कुठे?

सेमाग्लुटाइड हे पेप्टाइड आहे, म्हणजे प्रथिनाच्याच जातीचा रेणू. जठराला प्रथिन मोडायची सवय आहे. मटण असो की औषध, ते भेद करत नाही. शिवाय हा रेणू इतका मोठा की तो जठराच्या अस्तरातून सहज आत शिरत नाही. म्हणून गोळीत सॅल्काप्रोझेट सोडियम नावाचा एक मदतनीस घातलेला असतो, ३०० मिलिग्रॅम. गोळी विरघळते त्या जागेपुरता तो आम्लाचा मारा कमी करतो आणि औषधाला अस्तरातून आत सरकायला वाट करून देतो. एवढं करूनही रक्तात पोहोचतं ते फार तर शंभरातलं एक. पंचगंगेच्या पुरात कोल्हापुरातून शंभर नारळ सोडावेत आणि नरसोबाच्या वाडीला एकच हाती लागावा, तसा हा प्रकार.

यामुळेच गोळीवरचा आणि इंजेक्शनवरचा आकडा एकमेकांशेजारी ठेवून काही कळत नाही. वजनासाठी सेमाग्लुटाइड इंजेक्शनचा नेहमीचा पूर्ण डोस आठवड्याला २.४ मिलिग्रॅम. अमेरिकेत डिसेंबर २०२५ मध्ये वजनासाठी मंजूर झालेली सेमाग्लुटाइडची गोळी रोज २५ मिलिग्रॅमची, म्हणजे आठवड्याला १७५ मिलिग्रॅम. सत्तर पटींहून जास्त औषध गिळायचं, तेव्हा कुठे जवळपास तेवढाच परिणाम मिळतो.

आता परिणामाचे आकडे. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या स्टेप-१ चाचणीत १,९६१ जणांनी भाग घेतला. ६८ आठवड्यांत इंजेक्शन घेणाऱ्यांचं वजन सरासरी १४.९ टक्के उतरलं. नुसत्या आहार-व्यायामाचा सल्ला आणि रिकामं इंजेक्शन मिळालेल्यांचं २.४ टक्के. ९० किलोच्या माणसाचे हे साडेतेरा किलो होतात. २५ मिलिग्रॅमच्या गोळीची चाचणी २०२५ मध्ये आली, त्यात ६४ आठवड्यांत १३.६ टक्के. म्हणजे गोळीही काही कमी नाही, बरोबर?

बरोबर, पण ती गोळी वेगळी. भारतात २०२२ साली रायबेल्सस नावाने आलेली सेमाग्लुटाइडची गोळी ३, ७ आणि १४ मिलिग्रॅमची आहे आणि ती टाइप २ मधुमेहासाठी आहे. मधुमेहाच्या चाचण्यांत १४ मिलिग्रॅमच्या या गोळीने सहा महिन्यांत साधारण ४ किलो वजन उतरलं. मधुमेहाच्या माणसाला चार किलो उतरणं चांगलंच आहे, शुगरही ताब्यात येते. पण साडेतेरा किलोची बातमी वाचून ही गोळी घेतली, तर सहा महिन्यांनी ‘औषध काय कामाचं नाही’ म्हणत माणूस परत येणार. औषध आपलं काम करत असतं. अपेक्षाच दुसऱ्या पाकिटावरची असते.

याच आकड्यांत अजून एक गोम आहे. मधुमेह असणाऱ्यांचं वजन या औषधांनी कमी उतरतं. तेच २.४ मिलिग्रॅमचं इंजेक्शन मधुमेहींना दिलं तेव्हा सरासरी ९.६ टक्के उतरलं. तेव्हा शेजारच्या वहिनींचं पंधरा किलो उतरलं म्हणून आपलं तेवढंच उतरेल असं नाही.

आणि डॉक्टरांनी टिर्झेपाटाइड ठरवलं असेल तर गोळी की सुई हा प्रश्नच मिटतो, कारण त्याची गोळी नाही. त्याच्या सर्वांत मोठ्या डोसने ७२ आठवड्यांत सरासरी २०.९ टक्के वजन उतरलं होतं. २०२५ मध्ये टिर्झेपाटाइड आणि सेमाग्लुटाइड ही दोन इंजेक्शनं समोरासमोर तपासली गेली, पहिल्याने २०.२ टक्के, दुसऱ्याने १३.७. ज्याला तीस-चाळीस किलो उतरवायचेत त्याने या फरकाकडे बघावं, सुईकडे नंतर.

सकाळ कुणाची आहे?

गोळीची खरी परीक्षा दवाखान्यात होत नाही, घरात सकाळी सहा ते साडेसातमध्ये होते.

नियम असा. सकाळी उठल्यावर, पूर्ण रिकाम्या पोटी, जेमतेम अर्धा कप साध्या पाण्याबरोबर गोळी अख्खी गिळायची. पाणी जास्तीत जास्त १२० मिली. मग निदान अर्धा तास काहीही नाही. चहा नाही, कॉफी नाही, लिंबू-मध नाही, दुसरी कुठली गोळी नाही. रात्रीच्या जेवणाचं काही पोटात उरलेलं असेल, किंवा तांब्याभर पाणी पिऊन झालं असेल, तर आधीच शंभरातला एक असलेला भाग आणखी घटतो.

कोल्हापूरच्या घरात हे सोपं नाही. कुणी उठल्याउठल्या कोमट पाण्याचा मोठा ग्लास घेतो. कुणी रंकाळ्यावर फिरून येताना टपरीवर चहा मारतो. कुणाला डेअरीतून आलेलं ताजं म्हशीचं दूध आधी लागतं. आणि चहा झाल्याशिवाय ज्याला पेपर दिसत नाही, त्याला रोज अर्धा तास थांब म्हणणं म्हणजे पथ्यच आहे. एक-दोन दिवस चुकलं तर बिघडत नाही. पण जो रोजच पाच-दहा मिनिटांत चहा ढोसतो, त्याने महागडी गोळी जवळजवळ वाया घालवली म्हणायची.

माझ्या मते सर्वांत मोठी अडचण थायरॉईडची गोळी. वजन वाढलेल्या बायकांपैकी कितीतरी जणींना ती चालू असते, आणि तीही सकाळी रिकाम्या पोटीच घ्यायची असते. मग आधी कुठली? दोन्ही एकदम घेणाऱ्या बऱ्याच जणी आहेत. तसं करू नये. चाचणीत सेमाग्लुटाइडच्या गोळीबरोबर थायरॉक्सिन (म्हणजे थायरॉईडच्या गोळीतलं औषध) दिलं तेव्हा शरीरात पोहोचलेलं थायरॉक्सिन ३३ टक्क्यांनी वाढलं होतं. छातीत धडधड सुरू झाली की माणूस हृदयाचं काही असेल म्हणून घाबरतो आणि मूळ कारण राहतं बाजूला. काही डॉक्टर थायरॉईडची गोळी रात्री जेवणानंतर तीन-चार तासांनी घ्यायला सांगतात, काही सकाळीच अंतर ठेवून. मनाने ठरवू नये, विचारावं. आणि दीड-दोन महिन्यांनी टीएसएच, म्हणजे थायरॉईडची रक्ततपासणी, करून घ्यावी. पित्ताची गोळी, बीपीची गोळी, यांचाही असाच क्रम लावून घ्यावा लागतो.

पैसे वाचवायला गोळी अर्धी करणं हा आपल्याकडचा जुना छंद. ही गोळी तोडायची नाही, चावायची नाही. ७ मिलिग्रॅमच्या दोन घेऊन १४ होतात हेही गणित इथे चालत नाही, कारण दोन गोळ्यांत मदतनीसही दुप्पट जातो आणि शोषणाचा हिशेब बदलतो. शिवाय ती दमटपणा सोसत नाही. आठवड्याच्या गोळ्या स्ट्रिपमधून काढून प्लास्टिकच्या कप्प्यांच्या डबीत भरून ठेवायची पद्धत आहे ना, ती या गोळीला लावू नये, आणि जुलैतल्या कोल्हापुरात तर नकोच. घ्यायच्या वेळी स्ट्रिपमधून काढावी.

आता सुईचं बघू. लोकांच्या डोळ्यांसमोर दवाखान्यातली, कमरेत देतात ती सुई येते. ही तशी नाही. पेनला बसणारी सुई लांबीला चार मिलिमीटरच्या आसपास, आणि अगदी बारीक. पोटावर, मांडीवर किंवा दंडाच्या मागच्या बाजूला, कातडीखालच्या चरबीत, स्वतःच टोचायची. आठवड्यातला एक वार ठरवायचा, दर वेळी जागा थोडी बदलायची. जेवणाच्या आधी की नंतर, याचा काही संबंध नाही. पहिलं इंजेक्शन हात थरथरत घेतलेली माणसं दुसऱ्याच महिन्यात टीव्ही बघत टोचतात.

इंजेक्शनची डोकेदुखी फ्रिजची आहे. न उघडलेलं पेन २ ते ८ अंशांत ठेवायचं. वापरायला काढल्यावर ते ठरावीक दिवस ३० अंशांच्या आत बाहेर राहू शकतं. किती दिवस ते प्रत्येक औषधाच्या पत्रकावर वेगळं असतं. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे घरातलं तापमान त्याच्या वर जातं, आणि गाडीच्या डिकीतलं तर विचारूच नका. राधानगरीकडे किंवा गगनबावड्याच्या बाजूला जिथे वीज तासन्‌तास जाते, तिथल्या गिऱ्हाइकाला मी हे आधी विचारतो. याच्या उलटी चूक म्हणजे फ्रीजरला चिकटून ठेवणं. गोठलेलं पेन टाकून द्यायचं, पुन्हा वितळवून वापरायचं नाही.

आणखी एक. एका पेनमध्ये चार डोस येतात असं बघून नवरा-बायकोने ते वाटून घेण्याचे प्रकार घडतात. सुई बदलली तरी पेन दोघांत चालत नाही. रक्ताचा अंश पेनमध्ये मागे जाऊ शकतो, आणि त्यातून संसर्ग होतो.

गोळी सौम्य असते का?

नसते. ‘इंजेक्शन गरम पडतं, गोळी बरी’ हे मी रोज ऐकतो. मळमळ, उलटी, जुलाब, बद्धकोष्ठता हे त्रास औषध रक्तात आणि मेंदूत पोहोचल्यामुळे होतात, ते कुठल्या दाराने आलं यामुळे नाही. इंजेक्शनच्या स्टेप-१ चाचणीत ७४ टक्के लोकांना पोटाचा काहीना काही त्रास झाला. २५ मिलिग्रॅम गोळीच्या चाचणीतही आकडा ७४ टक्केच. बहुतेकांचा त्रास सौम्य होता आणि डोस वाढवण्याच्या काळात जास्त होता. म्हणूनच दोन्हींत डोस पायरी-पायरीने वाढवतात: सेमाग्लुटाइडचं इंजेक्शन ०.२५ पासून सुरू करून २.४ पर्यंत न्यायला सोळा आठवडे जातात. घाईने वरच्या पायरीवर उडी मारलेला माणूस तिसऱ्या दिवशी सलाईन लावून घेतो.

‘गोळी काय, बंद केली की संपलं’ हाही गैरसमज. सेमाग्लुटाइड गोळीतून आलं तरी रक्तात आठवडाभरानेच निम्मं होतं. पूर्ण निघून जायला पाच-सहा आठवडे. दोन्हींत फरक शून्य.

त्रास कमी करायला आपल्याच जेवणात जागा आहे. पोट हळू रिकामं होत असताना रविवारी तांबडा-पांढरा, वर मटणाचं ताट आणि त्यावर खीर, असा बेत केला की रात्र बाथरूममध्ये जाते. कट, तळण, तूप कमी, थोडं-थोडं, सावकाश, पाणी भरपूर. नवरात्रात नऊ दिवसांचे कडक उपवास करणाऱ्यांनी डॉक्टरांशी आधी बोलावं. भूक नाही म्हणून उपवास सोपा जातो खरा, पण पाणीही कमी जातं आणि किडनीवर ताण येतो.

काही गोष्टी मात्र नुसत्या त्रासाच्या नाहीत. पोटात वर, पाठीपर्यंत जाणारी, न थांबणारी जोराची कळ आली तर ती स्वादुपिंडाची सूज असू शकते. औषध थांबवून थेट दवाखाना गाठायचा. वजन वेगाने उतरलं की पित्ताशयात खडे होण्याची शक्यता वाढते. घरात कुणाला मेड्युलरी जातीचा थायरॉईड कॅन्सर झालेला असेल तर ही औषधं द्यायची नाहीत, गोळी नाही आणि इंजेक्शनही नाही. साधा थायरॉईड कमी असणं वेगळं, त्याचा याच्याशी संबंध नाही. शुगरची ग्लिमेपिराइड नावाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर शुगर एकदम खाली जाऊ शकते, त्यांचे डोस आधी कमी करून घ्यावे लागतात. मधुमेहाने डोळ्यांचा पडदा खराब झाला असेल तर औषधाआधी डोळे तपासून घ्यावेत. भूल देऊन ऑपरेशन व्हायचं असेल तर भूलतज्ज्ञांना या औषधाबद्दल सांगायलाच हवं, कारण उपाशी राहूनही जठरात अन्न शिल्लक असू शकतं.

मूल हवं असणाऱ्या जोडप्यांशी हे फारसं कुणी बोलत नाही. सेमाग्लुटाइड गर्भ राहण्याआधी निदान दोन महिने बंद करावं लागतं. आणि टिर्झेपाटाइड घेताना तोंडाने घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्यांचा भरवसा कमी होतो. सुरुवातीला आणि प्रत्येक डोसवाढीनंतर चार आठवडे दुसरं साधन वापरायला सांगतात. वजन उतरल्यावर पाळी नियमित होते, दिवस राहण्याची शक्यता वाढते, आणि मग ‘असं कसं झालं’ म्हणून घरात गोंधळ.

उतरलेल्या वजनात निव्वळ चरबी नसते. साधारण पाव ते एक तृतीयांश हिस्सा, कधी त्याहून जास्त, स्नायूंसारख्या बिनचरबीच्या भागाचा असतो. ज्या गावात गल्लीगल्लीत तालीम आहे तिथे हे समजावायला वेळ लागू नये, पण लागतो. अंडी, मासे, डाळी, उसळी, ताक-दही ताटात वाढवायचं आणि आठवड्यातून दोन-तीनदा जोर-बैठका किंवा वजनं. साठीच्या पुढच्या माणसाने हे केलं नाही तर वजन उतरतं आणि जिना चढताना पाय लटपटतात.

जुन्या गोळ्या आणि येऊ घातलेल्या

वजनाच्या गोळ्यांचा इतिहास काही अभिमानाचा नाही. फेनफ्लुरामाइनने हृदयाच्या झडपा बिघडायला लागल्या म्हणून १९९७ साली ते अमेरिकेत मागे घेतलं गेलं. सिब्युट्रामाइनने हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका वाढतो हे दिसल्यावर २०१० मध्ये ते बाजारातून गेलं, आणि पुढच्याच वर्षी भारतानेही त्यावर बंदी घातली. ‘हर्बल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बारीक होण्याच्या पुड्यांत हेच सिब्युट्रामाइन कितीतरी देशांत सापडलेलं आहे, तेव्हा कुणी जिममधून बिनचिठ्ठीची पुडी आणून दिली तर घेऊ नका.

ऑर्लिस्टॅट अजून मिळतं. ते भुकेला हात लावत नाही. खाल्लेल्या तेला-तुपातला साधारण एक तृतीयांश भाग पचू देत नाही. न पचलेलं तेल जाणार कुठे? मिसळीवर लालभडक कट ओतून घेणाऱ्याला उत्तर संध्याकाळपर्यंत कळतं, आणि पांढरी पँट घातलेली असेल तर इतरांनाही. परिणाम बेताचा आहे, पण हृदयाला धोका नाही आणि खिशाला झेपतं.

खऱ्या अर्थाने वेगळी गोळी म्हणजे ऑर्फोरग्लिप्रॉन. ती पेप्टाइड नाही, छोटा रासायनिक रेणू आहे, त्यामुळे जठर तिला मोडत नाही. रिकामं पोट, मोजून पाणी, अर्धा तास थांबणं, यातलं काहीच लागत नाही. दिवसातून एकदा केव्हाही. ३,१२७ जणांच्या चाचणीत तिच्या मोठ्या डोसने ७२ आठवड्यांत ११ ते १२ टक्क्यांच्या आसपास वजन उतरलं. टिर्झेपाटाइडपेक्षा कमी, पण सकाळच्या चहावाल्यांना जमण्यासारखी. अशी गोळी कारखान्यात बनवायलाही सोपी असते आणि तिला फ्रिज लागत नाही, हे मला वाड्या-वस्त्यांच्या दृष्टीने टक्क्यांपेक्षा महत्त्वाचं वाटतं.

पैसा आणि किती वर्षं

मार्च २०२५ मध्ये मौंजारो भारतात आलं तेव्हा २.५ मिलिग्रॅमची एक कुपी ३,५०० रुपयांना आणि ५ मिलिग्रॅमची ४,३७५ ला होती. आठवड्याला एक धरा: महिन्याला १४ ते साडेसतरा हजार. त्याच वर्षी जूनमध्ये आलेल्या वेगोवीचा सुरुवातीच्या डोसचा महिनाही सतरा हजारांच्या वर होता, नोव्हेंबरमध्ये कंपनीने तो बराच खाली आणला. सेमाग्लुटाइडच्या पेटंटची भारतातली मुदत मार्च २०२६ पर्यंतची, त्यानंतर देशी कंपन्यांना वाट मोकळी. म्हणून किमतीचा आकडा मी इथे देत नाही, तो महिन्या-महिन्याला हलणारा आहे. पण स्वस्त झालं म्हणून इंटरनेटवरच्या ओळखीतून पेन मागवू नये. जून २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बनावट सेमाग्लुटाइडबद्दल जाहीर इशारा दिला होता. पक्कं बिल, त्यावर बॅच नंबर, आणि औषध तुमच्या हातात देताना ते फ्रिजमधून काढलं का, एवढं बघा.

महिन्याचा खर्च विचारणारे पुष्कळ, किती वर्षं असं विचारणारा एखादाच. स्टेप-१ मधल्या काही लोकांचं औषध थांबवून वर्षभर त्यांच्यावर लक्ष ठेवलं, तर उतरलेल्या वजनाचा दोन तृतीयांश भाग परत आलेला होता. बीपीची गोळी बंद केल्यावर बीपी वाढतो, तसंच हे. म्हणून लग्नाआधी सहा किलो उतरवायला आलेल्या पोराला मी दोन्ही देत नाही. कंपनीच्या पत्रकाप्रमाणे हे औषध बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती याचा आकडा) ३० च्या पुढे, किंवा २७ च्या पुढे आणि बरोबर शुगर, बीपी असं काही असेल तर. १६५ सेंटीमीटर उंचीच्या माणसाला हे साधारण ८२ आणि ७४ किलो होतात. आपल्याकडे २५ लाच लठ्ठपणा धरतात, कारण आपलं पोट आधी सुटतं. पण लठ्ठपणा धरणं आणि हे औषध सुरू करणं यात अंतर आहे, आणि ते डॉक्टरांनी ठरवायचं. चिठ्ठीशिवाय यातलं काहीच मिळत नाही.

मग काकूंना काय? शुगर आहे, वजन थोडंच जास्त, सुईची धडकी, पहाटे उठून देवपूजा झाल्याशिवाय तोंडात काही घालत नाहीत. त्यांना गोळी उत्तम बसते. पूजेचा अर्धा तास आयताच मिळतो. मास्तर मात्र ११० किलो, गुडघे गेलेले, दोन वर्षांपूर्वी हृदयाला स्टेंट टाकलेला, दिवसाला सात गोळ्या आधीच चालू. त्यांना आठवी गोळी, तीही सगळ्यांच्या आधी, कशाला? शिवाय मधुमेह नसलेल्या पण हृदयविकार आणि जास्त वजन असलेल्या १७,६०४ जणांच्या चाचणीत २.४ मिलिग्रॅमच्या इंजेक्शनने हार्ट अटॅक, पक्षाघात आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू मिळून २० टक्क्यांनी कमी झाले. गोळीनेही असा फायदा दिसला आहे, १४ टक्के, पण तो मधुमेह असलेल्यांत. मास्तरांच्या डॉक्टरांनी इंजेक्शन लिहिलं तर मला नवल वाटणार नाही.

इंजेक्शनने वजन उतरवून मग ते गोळीवर टिकवायचं, अशा चाचण्याही झाल्या आहेत आणि गोळीची खरी जागा पुढे तिथे असेल असं मला वाटतं. आजही एकावरून दुसऱ्यावर जाता येतं, पण आकड्याला आकडा लावून नाही. रोज १४ मिलिग्रॅमची गोळी घेणाऱ्याला मधुमेहासाठी आठवड्याला ०.५ मिलिग्रॅमच्या इंजेक्शनवर आणतात. ती चिठ्ठी बघून ‘डॉक्टरांनी डोस पार कमी केला’ म्हणून मनानेच १ मिलिग्रॅमचं पेन मागायला आलेल्या माणसाला मी परत पाठवतो.